बिनवासाचं रेझिन

भीती कशाशी खातात हे माझ्या आत्याला चाळिशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. अंगणात साप निघाला की बाबा स्टुलावर चढायचे आणि आत्या काठी शोधायची. समुद्र खवळला की किनाऱ्यावरची माणसं घराकडे वळायची, ही लाटा बघायला निघायची. लग्न तिनं केलं नाही. का, असं विचारायची कुणाची छाती झाली नाही. अशी ही बाई पुढे टॉवेलला घाबरायला लागली, दाराच्या कडीला घाबरायला लागली, आणि शेवटी सख्ख्या भावाच्या शर्टाला. ते कसं झालं ते मी जवळून पाहिलं आहे.

आमचं घर आणि बाबांचा कारखाना एकाच आवारात. कारखाना म्हणजे पत्र्याच्या छपराच्या दोन खोल्या आणि घरापर्यंतचं अंगण. तिथे लाटेवर उभं राहून जायच्या लांब फळ्या बनायच्या. लाँगबोर्ड म्हणतात त्यांना. उभी केली की फळीचं टोक छपराला लागायचं.

पहिली खोली बाबांची. भिंती गडद निळ्या, आणि दोन्ही बाजूंना कमरेच्या उंचीवर ट्यूबलाइट. आडव्या उजेडात बारीकसा उंचवटाही सावली टाकतो, म्हणून तशी सोय. तिथे बाबा फोमचा ठोकळा रंधून, घासून आकाराला आणत. ठोकळ्याच्या मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, लाकडाची पातळ पट्टी चिकटवलेली असायची. तिला आम्ही कणा म्हणायचो, कारण ती नसेल तर एवढी लांब फळी लाटेच्या एका फटक्यात मोडते.

दुसरी खोली आत्याची. फोम नुसता ठेवला तर नखानंही खड्डा पडेल इतका मऊ. त्यावर ती काचेच्या धाग्यांचं कापड अंथरायची, वर रेझिन, म्हणजे मधासारखा दाट चिकट रस, ओतायची आणि रबरी पट्टीनं ते जिरवत न्यायची. बघता बघता पांढरं कापड दिसेनासं व्हायचं आणि वाळल्यावर फळीला टणक, चकचकीत कवच यायचं. काम घाईचं. रेझिनमध्ये हार्डनर मिसळला की ते थोड्याच वेळात घट्ट होऊ लागतं, मग कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण आत्याच्या हाताखाली कापडाला कधी सुरकुती पडली नाही की बुडबुडा राहिला नाही.

"मी शिंपी, ही इस्त्रीवाली," बाबा लोकांना सांगायचे. "हिची इस्त्री बघून लोक माझ्या शिवणीचं कौतुक करतात."

तेव्हाचं रेझिन पॉलिएस्टरचं. त्याचा वास डोक्यात जायचा, पडद्यांना लागायचा, कपाटातल्या घडीच्या कपड्यांतही शिरायचा. आई वैतागायची. "लग्न ठरवताना मला कुणी बोललं नव्हतं की संसार रंगाच्या डब्यात करायचाय!" पण त्या वासामुळे आत्या खिडक्या सताड उघड्या टाकायची, तोंडाला मास्क लावायची, काम झालं की लगेच बाहेर यायची. वास होता म्हणून माणसं जपून होती, हे आमच्या फार उशिरा लक्षात आलं.

मग ज्या कारखान्याकडून फोमचे ठोकळे यायचे तो एकाएकी बंद पडला. नव्या ठिकाणाहून आले ते ठोकळे पांढरेशुभ्र आणि थर्माकोलसारखे हलके. बाबांनी एका तुकड्यावर नेहमीचं रेझिन ओतलं. तुकडा फसफसला, खचला आणि आमच्या डोळ्यांसमोर त्याला आरपार भोक पडलं. या फोमला पॉलिएस्टर चालणार नव्हतं. त्याला इपॉक्सी नावाचं दुसरं रेझिन लागणार होतं.

इपॉक्सीचे कॅन आले. आत्यानं झाकण उघडून वास घेतला आणि ती हसली. "अगं, याला तर वासच नाही!"

घरात सगळ्यांना हायसं वाटलं. आईनं पडदे धुऊन काढले. आत्यानं मास्क खिळ्याला टांगला तो टांगलाच. हातमोज्यांत पट्टीचा अंदाज येत नाही म्हणून ते कधी घालायची, कधी नाही. हाताला लागलेलं चिकट रेझिन ती थिनरसारख्या अ‍ॅसिटोननं पुसून काढायची, पूर्वीपासूनच्या सवयीनं. एक-दोन वर्षं सगळं सुरळीत चाललं.

सुरुवात बोटांच्या बेचक्यांतून झाली. बारीक पुरळ, खाज. आत्यानं साबण बदलला. मग पुरळ मनगटापर्यंत चढलं, तेव्हा ती लांब बाह्यांचे शर्ट घालू लागली. एका सकाळी ती चहाला खाली आली तर तिच्या पापण्या सुजून डोळे बारीक झाले होते.

"डास चावला," ती म्हणाली.

"दोन्ही डोळ्यांना?" मी विचारलं.

"जोडीनं आले असतील."

मी हसले, पण ती हसत नव्हती. कप उचलण्याआधी तिनं तळहात उलटसुलट करून पाहिले. मालकाला चावलेल्या कुत्र्याकडे मालक जसा बघतो, तशी ती स्वतःच्या हातांकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती मी पहिल्यांदा पाहिली ती त्या सकाळी.

त्यानंतर ती बदलत गेली. चेहऱ्याला हात लावायचा नाही म्हणून नाकावर माशी बसली तरी मानेनंच झटकायची. झोपताना हात चादरीच्या बाहेर ठेवायची. हार्डनरचा कॅन उघडताना अंग मागे घ्यायची. बाबांच्या ते लक्षात आलं.

"काय झालंय तुला? वास तरी येतोय का त्याला?"

"नाही."

"मग?"

"तेच तर. कुठून येतंय ते कळत नाही."

बाबांनी खांदे उडवले. त्यांना ते बाईमाणसाचं खूळ वाटलं असं नाही. बहिणीला ते चांगले ओळखून होते. पण ज्या कामावर दोघांचं आयुष्य उभं होतं त्यातच काही वाईट असेल, हे त्यांना ऐकूनच घ्यायचं नव्हतं.

एक दिवस मी शाळेतून परत आले, मी तेव्हा शिकवत होते, तर आत्या अंगणातल्या पायरीवर बसली होती. शिट्टीसारखा बारीक आवाज येत होता. कुठून येतोय ते मी इकडेतिकडे शोधलं. तो तिच्या छातीतून येत होता.

मी तिला तशीच डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छाती ऐकली, हात बघितले, कामाचं सगळं विचारून घेतलं.

"हात कशानं धुता?"

"अ‍ॅसिटोननं."

बाईंनी क्षणभर डोळे मिटून घेतले. "म्हणजे आतापर्यंत कातडीवर जे होतं ते तुम्ही आत पाठवत होतात." मग खुर्ची पुढे ओढून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "हे बघा. तुमच्या अंगानं इपॉक्सीवर डूख धरलाय. असा डूख बहुधा सुटत नाही. आज कातडी आणि थोडा दमा, यावर भागलं. पुढच्या वेळी घसा आवळला जाईल का, ते मी सांगू शकत नाही. कुणीच नाही सांगू शकणार."

"किती लागलं तर?" आत्यानं विचारलं.

"तेही नाही सांगता येत. कदाचित थेंब. कदाचित नुसती धूळ."

बाईंनी छातीसाठी पंप दिला आणि मांडीत टोचायचं एक इंजेक्शन दिलं, अगदी गळ्याशी आलं तरच वापरायचं. ते कसं टोचायचं हे रिकाम्या नळीनं मला उशीवर करून दाखवायला लावलं. मी ती उशी तीनदा भोसकली आणि प्रत्येक वेळी माझा अंगठा चुकला. आत्या बघत होती. "माझ्या मांडीला एवढा राग दाखवू नकोस हं," ती म्हणाली, पण तिचे ओठ कोरडे पडले होते.

जेवताना तिनं बाबांना सांगितलं. बाबांचा घास हातातच राहिला. मग ते भडकले. घाबरले की ते भडकतात, हे आईला माहीत होतं, मला तेव्हा कळलं.

"मग मला का नाही झालं? मीही त्याच छपराखाली आहे ना?"

"तुला नाही झालं यात माझा काय गुन्हा?" आत्या म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून आत्यानं कारखान्यात पाऊल टाकायचं बंद केलं.

आम्हाला वाटलं, सुटलो. पण वाळलेली फळी घासावी लागते, आणि पुरतं मुरलं नसेल तर इपॉक्सीची धूळही तितकीच वाईट. ती धूळ बाबांच्या केसांत, भुवयांत, शर्टाच्या शिवणींत बसून घरात येत होती. बाबा ज्या खुर्चीत बसले त्या खुर्चीत आत्या बसली की तिच्या मानेवर लाल चट्टे उठत. सामायिक टॉवेलला तोंड पुसलं आणि पापण्या सुजल्या. मग कुठली वस्तू कुणी हाताळली याचा घरभर धसका. आई दिवसभर ओल्या फडक्यानं कड्या, बटणं, टीव्हीचा रिमोट पुसत फिरायची. बाबा अंगणातल्या नळाखाली अंघोळ करून, कपडे बदलून मगच आत येऊ लागले. तरी भरवसा वाटेना. डोळ्यांना दिसत नाही, नाकाला कळत नाही, मग नाही हे कसं समजायचं?

एका संध्याकाळी आत्या खिडकीपाशी बसली होती. जिन्यावर बाबांची पावलं वाजली. ती उठली आणि भिंतीला पाठ लागेपर्यंत मागे सरकली. तिनं ते मुद्दाम केलं नव्हतं. बाबा दारात उभे होते, केस ओले, अंगात धुतलेला शर्ट. त्यांनी ते पाहिलं. ते वळले आणि तेव्हापासून खालीच, अंगणातल्या बाकावर जेवू लागले. आत्या त्या दिवशी माझ्याजवळ रडली. "लहानपणी अंधारात हा माझा हात धरून चालायचा गं," ती म्हणाली. "आता याच्या पायरवानं माझ्या छातीत धडधडतं."

काचेच्या कापडाचं काम आता बाबांवर आलं. आकार देण्यात त्यांचा हात धरणारा नव्हता, पण रेझिन म्हणजे त्यांच्या हातातला साबण. दोन फळ्या बुडबुड्यांनी वाया गेल्या. शेवटी आत्यानंच तोड काढली. कारखान्याच्या भिंतीला एक न उघडणारी काचेची खिडकी होती. आत्या अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, घराच्या पायरीवर उभी राहायची, तिथून खिडकीतून आतलं दिसायचं, आणि फोनवरून सांगायची. बाबांचा फोन आत फडताळावर, स्पीकर चालू.

"कडेला नको, मधून सुरू कर. मधून! दाबू नकोस, ओढ. कापड आहे ते, जनावर नाही."

"दिसतंय मला."

"दिसतंय तर तो बुडबुडा कुणासाठी ठेवलायस?"

असं चाललं होतं. एखाद्या दिवशी दोघं हसायचीसुद्धा.

तो दिवस सुट्टीचा होता. दुपार, पत्रा तापलेला. आई बाजारात गेली होती, मी माडीवर वह्या तपासत होते. धूळ बाहेर येऊ नये म्हणून बाबांनी कारखान्याचं शटर ओढून घेतलं होतं. लांबलचक फळी होती, म्हणून त्यांनी कापडाच्या दोन्ही थरांना लागणारं रेझिन, हार्डनर घालून, एकदमच एका उंच बादलीत कालवलं. आणि नेमकं कापड स्टँडवरून घसरलं. बादली बाजूला ठेवून ते कापड नीट करत बसले.

इपॉक्सी पसरलं तर निवांत वाळतं. ढिगानं राहिलं तर स्वतःच्याच उष्णतेनं तापत जातं. हे बाबांना माहीत नव्हतं असं नाही. पण ज्याचं लक्ष कापडात अडकलं त्याला बादली दिसत नाही.

आत्याचा आवाज मला माडीवर ऐकू आला. "दादा, बादली! बादलीकडे बघ!"

मग तिचा आवाज चढला. "उचलू नकोस! राहू दे! तू बाहेर ये!"

बाबांनी बादली उचलली. त्यांना ती बाहेर न्यायची होती. प्लॅस्टिक मऊ पडलं होतं, तळ सुटला, उकळतं रेझिन त्यांच्या हातावर आणि जमिनीवर सांडलं. ते त्यात घसरले आणि स्टँडच्या लोखंडी पायावर डोकं आपटलं. ते मी पाहिलं नाही. मी जिन्यात होते. मला नुसता धप्प असा आवाज आला आणि त्याच्यामागून आत्याची किंकाळी. आत्याला किंचाळताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं.

मी अंगणात पोचले तेव्हा शटर अर्धं वर होतं आणि त्याखालून पिवळट, दाट धूर बाहेर येत होता. आत्या पायरीवर नव्हती.

मी तिला हाक मारली. उत्तर नाही. मला आत जायचं होतं आणि माझं शरीर जात नव्हतं. खरं सांगते, तो धूर बघून मी दोन पावलं मागे सरले. एवढ्यात शटरखाली तिची पाठ दिसली. ओढणी ओली करून नाकातोंडाला गुंडाळलेली, कमरेत वाकलेली, आणि बाबांचे दोन्ही घोटे धरून ती मागे मागे येत होती. बाबांचं डोकं जमिनीवर घासत होतं. मग मी धावले, एक पाय मी घेतला, आणि दोघींनी त्यांना नळाजवळ आणलं.

बाबा कण्हत होते. म्हणजे जिवंत होते. मी त्यांचा हात नळाखाली धरला आणि आत्याकडे वळून म्हणाले, "वाचले गं!"

ती मला उत्तर देत नव्हती. ती गुडघ्यांवर बसली होती, ओढणी खाली पडलेली, तोंड उघडं. ओठ इतके सुजले होते की ती मला ओळखू येईना. श्वास आत जात होता तेव्हा आवाज येत होता, मग आवाजही येईना. तिनं माझा हात धरला आणि स्वतःच्या खिशाकडे नेला. इंजेक्शन तिच्या खिशात होतं. ते खिशात आहे हे तिला आत जाताना माहीत होतं, आणि ते कोण टोचणार हेही.

टोपण निघेना. दातांनी काढलं. अंगठा कुठे, टोक कुठे, काही आठवेना. आत्या माझ्याकडे बघत होती आणि तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती, लहान मुलाच्या असते तशी. मी तिच्या मांडीवर नळी रोवली आणि दाबून धरली. काय घडेल, काही घडेल की नाही, ते कळायला जो वेळ गेला तो मला आजही सहन होत नाही. शेजारची माणसं धावत आली, कुणी वाळू टाकली, कुणी गाडी आणली. मला आठवतो तो एकच आवाज: तिच्या घशातून घरघरत आत गेलेला पहिला श्वास.

दवाखान्यात दोघं वेगवेगळ्या मजल्यांवर होती. बाबांच्या डोक्याला टाके पडले, उजव्या हाताची कातडी गेली. आत्याला श्वासाच्या यंत्रावर ठेवलं होतं, ते निघालं तेव्हा ती पहिलं काय बोलली तर "दादा?" बाबांना निरोप दिला तरी ते येईनात. खोलीच्या बाहेर बाकावर बसून राहायचे, दार उघडलं की तोंड फिरवायचे. आईनं खूप समजावलं. मग एका सकाळी ते न्हाव्याकडे गेले आणि डोकं, दाढी, भुवयासुद्धा काढून आले. नवा, दुकानातून आणलेला शर्ट घालून ते दारात उभे राहिले.

आत्यानं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. "हे कुठलं कलिंगड आणलंय?" ती घोगऱ्या आवाजात म्हणाली.

बाबा तिथेच, उंबऱ्यावर, हुंदके देऊन रडले. आत आले नाहीत.

कारखाना बंद करायचा असं बाबांनी ठरवलं होतं. आत्यानं ऐकलं नाही. "तुला दुसरं येतंय काय?" ती म्हणाली. शेवटी बाबांनी तो गावाबाहेर हलवला, तोंडाला नीट मास्क, हवा खेचायचे पंखे, कामाचे कपडे तिथेच. एक कामसू बाई काचेच्या कामाला घेतली. आत्यानं तिला फोनवरून पहिला धडा दिला तो रबरी पट्टीचा नव्हता, हातमोज्यांचा होता. आत्या स्वतः दोन गल्ल्या सोडून एका खोलीत राहायला गेली.

तिथे तिनं लाकडाच्या फळ्या करायला घेतल्या. हलकं लाकूड, पातळ पट्ट्या, आतून पोकळ, वरून काच नाही, रेझिन नाही, नुसतं जवसाचं तेल चोळलेलं. पहिली फळी सांध्यातून गळली आणि पाण्यात रडतखडत परत आली. दुसरी तरली. तशा फळ्या जड असतात, वळायला आळशी, पण काही म्हाताऱ्या लोकांना त्या आवडतात. नवा गोंद, नवं तेल आलं की ती थेंबभर कोपराच्या आत लावते आणि दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला हात लावत नाही. तो दिवस ती कशी काढते ते मी पाहिलं आहे. ती कुणाशी बोलत नाही, सारखी बाही वर करून बघते. भीती गेलेली नाही. ती आता लपवत मात्र नाही. ओळखीच्या कुणी दार वाजवलं की आधी विचारते, "आज कुठे होतास?" आणि उत्तर पटलं तरच कडी काढते.

रविवारी संध्याकाळी बहीणभाऊ किनाऱ्यावर फिरायला जातात. बाबा ताजी अंघोळ करून निघतात, तरी ते वाऱ्याच्या खालच्या अंगाला चालतात, ती वरच्या, म्हणजे वारा तिच्याकडून त्यांच्याकडे जातो. मध्ये हातभर अंतर. परवा मी त्यांच्या मागून चालत होते. कुठल्याशा फळीच्या आकारावरून दोघांचं कडाकडा भांडण चाललं होतं. मध्येच वारा फिरला. बोलणं न थांबवता, एकमेकांकडे न बघता, त्यांनी बाजू बदलल्या, आणि भांडण तिथूनच पुढे चालू झालं.